ग्रीक शोकांतिकेतला कोरस दार का उघडत नाही?

तिसरी घंटा

आमच्या नाट्यवाचनाच्या गटात सध्या ग्रीक शोकांतिका चालू आहेत. 'मेडिया' वाचून झालं आणि तेव्हापासून कोरसवरून जुंपली आहे. ते भांडण इथे आणून टाकते, चार जाणकार तरी भेटतील.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: युरिपिडीजचं हे नाटक इ.स.पू. ४३१चं. मेडियाचा नवरा जेसन दुसरं लग्न करतोय आणि तिला मुलांसकट हद्दपार करायचं ठरलंय. कोरस म्हणजे नाटकात एकत्र नाचणारा-गाणारा समूह; इथे तो कॉरिंथमधल्या बायकांचा. त्या तिची विचारपूस करायला येतात, तिची बाजू घेतात, आणि 'मी सूड उगवायचं ठरवलं तर तुम्ही गप्प राहा' हे तिचं मागणं लगेच मान्य करून बसतात. पुढे ती पोटच्या मुलांनाच मारणार म्हटल्यावर हातापाया पडतात, पण ते सगळं तोंडीच. मग मेडिया आत जाते, दार लागतं, आतून पोरांच्या किंकाळ्या. बायका म्हणतात, 'आत जावं का? मुलांना वाचवायला हवं.' आणि आतून मुलं चक्क उत्तर देतात, 'हो, देवाशपथ, वाचवा! हीच वेळ आहे!'

यावर बायका काय करतात? गाणं म्हणतात. पूर्वी इनो नावाच्या बाईने आपली मुलं मारली होती, त्याचं.

पुस्तक आपटावंसं वाटलं मला. गटात दोन उत्तरं मिळाली. एक, 'तो रंगभूमीचा संकेत आहे, कोरस आत जात नसतो.' दोन, 'कोरस म्हणजे नाटककाराचा आवाज, ते पात्र नव्हेच.' पहिलं पटत नाही, कारण संकेत असेल तर तो झाकायचा सोडून युरिपिडीज मुलांकडून हाक का मारवतो? आणि दुसरं खरं धरलं तर त्या बायकांना कॉरिंथच्या शेजारणी करायची, त्यांच्याकडून वचन घ्यायची गरजच काय होती?

तर मंडळी, हा कोरस नेमका करतो काय?

---

बोरूबहाद्दर

खरं सांगू का, मी कोरसची पानं उलटून थेट पुढच्या संवादावर जातो. कथा कुठेही तुटत नाही. :)

---

विंगेतून

@बोरूबहाद्दर, कथा तुटत नाही, नाटक मात्र तुटतं. अथेन्समध्ये उलटा हिशोब होता. डायोनिसस देवाच्या उत्सवात नाटक लावायचं तर कवीने आर्कनकडे, म्हणजे त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, कोरस मागायचा. आर्कनने कोरस दिला की तुमचं नाटक स्पर्धेत. नट कोण, हे नंतर. कोरसच्या तालमी, कपडे, शिकवणारा, याचा भुर्दंड एखाद्या श्रीमंत नागरिकावर टाकला जाई. त्याला खोरेगोस म्हणत. इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसच्या 'पर्शियन्स'चा खोरेगोस होता तरुण पेरिक्लीज. पुढाऱ्याने गणेशमंडळाला देणगी द्यावी तसं वाटेल, पण ही देणगी नव्हती. तो एका अर्थी करच होता, आणि त्यात मिरवून घ्यायची सोयही होती. अथेन्सच्या प्लाका भागात लिसिक्रेटीसचं स्मारक आजही उभं आहे. एका खोरेगोसने मुलांच्या गायनपथकाने बाजी मारली म्हणून इ.स.पू. ३३५-३४च्या सुमारास स्वतःच्या नावाने उभारलेलं.

आणि गाणारे कोण? धंदेवाईक नट नव्हेत, साधे नागरिक. एस्किलसच्या काळी बारा, सोफोक्लीजने पंधरा केले असं परंपरा सांगते. तीन शोकांतिका आणि वर एक सॅटर नाटक (डायोनिससच्या अर्धपशू सोबत्यांचं, सॅटरांचं, थट्टेचं नाटक), सगळं एका दिवसात, आणि बहुधा तेच लोक मुखवटे बदलून चारही नाटकांत. सकाळी म्हातारे, दुपारी गुलाम बायका, संध्याकाळी घोड्याच्या शेपट्या लावलेले सॅटर. तालमीच्या काळात त्यांना लष्करी कामातून सूट मिळे.

जागाही बघा. नट मागच्या इमारतीपाशी, कोरस पुढच्या मोकळ्या रिंगणात, ज्याला ऑर्केस्ट्रा म्हणत. बाजूच्या वाटांनी एकदा आत आला की सहसा शेवटपर्यंत तिथेच. आपण नट-नट्यांचं नाटक आणि मध्ये गाणी असं बघतो. त्यांच्यासाठी नाचगाण्याचं पथक आधीपासून होतं, त्याच्याशी बोलायला एक माणूस पुढे आला, एस्किलसने दुसरा आणला, सोफोक्लीजने तिसरा. ॲरिस्टॉटलने हा क्रम नोंदवून ठेवलाय.

---

आडवाटेचा

विंगेतून, छान माहिती. पण यातून कोणी 'म्हणजे संकेतच, कोरस रिंगण सोडू शकत नव्हता' असा अर्थ काढेल, म्हणून लगेच लिहितो. सोडू शकत होता. 'युमेनिडीज' आणि 'एजॅक्स' या दोन्हींत कोरस मध्येच निघून जातो आणि परत येतो. त्याहून मोठा पुरावा खुद्द युरिपिडीजचा. इ.स.पू. ४१२च्या 'हेलन'मध्ये कोरसच्या बायका हेलनबरोबर सरळ राजवाड्याच्या दारातून आत जातात! दार त्यांना बंद नव्हतं. मेडियाच्या शेजारणी आत जात नाहीत तो त्यांचा निर्णय आहे, किंवा निर्णय न घेणं आहे. धागाकर्तीचा संशय बरोबर आहे.

याचं सगळ्यात जवळून घेतलेलं दर्शन मला विचाराल तर एस्किलसच्या 'ॲगमेम्नॉन'मध्ये आहे, इ.स.पू. ४५८. कोरस आर्गोसच्या म्हाताऱ्यांचा. दहा वर्षांपूर्वी ट्रॉयला जायला निघालेल्या सैन्याने यांना मागे ठेवलं. पहिल्याच प्रवेशात ते स्वतःबद्दल सांगतात की आमचं बळ लेकरांइतकंच उरलंय, काठीवर भार टाकून चालतो, भर दिवसा भटकणाऱ्या स्वप्नासारखे आम्ही. आता राजा ॲगमेम्नॉन घरी आलाय, आत गेलाय, आणि आतून ओरडतो, 'मेलो! घाव बसला!' थोड्या वेळाने पुन्हा.

इथवर हा कोरस एका सुरात गात आलाय. त्या ओरडण्यासरशी तो फुटतो. बारा म्हातारे, बारा द्विपदी, प्रत्येकाची वेगळी. एक म्हणतो गावकऱ्यांना हाका मारून गोळा करू. दुसरा म्हणतो आत्ता आत घुसा, तलवारीवरचं रक्त ओलं आहे तोवर पकडा. कोणी म्हणतो हे लक्षण जुलमी सत्तेचं आहे. कोणी म्हणतो, मेलेला माणूस शब्दांनी उठवायची युक्ती मला ठाऊक नाही. कोणी, जगण्यासाठी या घरबुडव्यांपुढे मान तुकवत राहायचं? त्यापेक्षा मरण बरं. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत कशावर? आधी राजाचं नक्की काय झालंय ते कळून घेऊ.

तेवढ्यात दार उघडतं. आत राजाची बायको क्लायटेम्नेस्ट्रा उभी, पायाशी दोन प्रेतं: राजाचं आणि त्याने कैद करून आणलेल्या कॅसांड्राचं.

सोसायटीची मीटिंग ज्याने पाहिली आहे त्याला यातलं एक अक्षर समजावून सांगावं लागू नये. गंमत म्हणजे हेच म्हातारे नाटकाच्या शेवटी क्लायटेम्नेस्ट्राचा प्रियकर एजिस्थसच्या शिपायांशी हातघाईवर यायला निघतात, क्लायटेम्नेस्ट्रालाच मध्ये पडावं लागतं. भित्रे नाहीत ते. ऐन वेळी त्यांचा समूह समूह राहत नाही, एवढंच.

---

तिसरी घंटा

आडवाटेचा, 'हेलन'बद्दल माहीतच नव्हतं. गटातल्या संकेतवाल्यांना हा दुवा आजच पाठवते.

---

पाचवा_अंक

धागा वाचून पहिली आठवण 'घाशीराम कोतवाल'ची झाली. बारा ब्राह्मणांची ती मानवी भिंत! संख्याही तीच. आणि शिलरने १८०३ साली आपल्या एका नाटकाच्या प्रस्तावनेत कोरसला जिवंत भिंतच म्हटलं होतं, शोकांतिकेने स्वतःभोवती उभारलेली. तेंडुलकरांचा कोरस हा ग्रीक कोरसच नव्हे का?

---

विंगेतून

मला नाही वाटत. 'घाशीराम'मधली भिंत कशाचंही सोंग घेते. आत्ता भिंत, आत्ता गर्दी, आत्ता गणेशवंदना म्हणणारी रांग. तिची खरी करामत म्हणजे ती पाठीमागे काय चाललंय ते झाकते, आणि त्या झाकण्यातच तिचं पाप आहे. ग्रीक कोरसला अशी मोकळीक नाही. रिंगणात येताना तुम्ही कॉरिंथच्या बायका म्हणून आलात की शेवटच्या ओळीपर्यंत कॉरिंथच्या बायका. जे घडेल ते घेऊन त्यांना याच गावात राहायचं आहे. शिलरच्या भिंतीचं कामही निराळंच आहे. बाहेरचं रोजचं वास्तव नाटकात घुसू नये म्हणून ती. तिन्हींना 'भिंत' म्हणता येतं, पण तिन्ही वेगळ्या बाजूला तोंड करून उभ्या आहेत.

---

शेवंता७

'नाटककाराचा आवाज' या दुसऱ्या उत्तराचाही एकदा निकाल लावून टाकू. याचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पंडितांत आहे. श्लेगेलने कोरसला 'आदर्श प्रेक्षक' म्हटलं आणि ते पाठ्यपुस्तकांत कायमचं चिकटलं. नित्शेने १८७२ मध्ये त्यावर बिनतोड प्रश्न टाकला. प्रेक्षकाला, मग तो कितीही आदर्श असो, आपण नाटक पाहतोय हे ठाऊक असतं. पण प्रोमिथियसला खडकाला जखडलेलं पाहून रडणाऱ्या सागरकन्यांना आपल्यापुढे खरोखरचा देव दिसतोय. मग त्या प्रेक्षक कशा? (नित्शेची पुढची सगळी डायोनिशियन चढाई मला झेपत नाही, पण हा मुद्दा पक्का.)

ॲरिस्टॉटल तर साफ सांगतो की कोरसला नटांपैकीच एक समजावं, त्याने कथेत भाग घ्यावा, सोफोक्लीजकडे घेतो तसा. युरिपिडीजकडे तो तसा घेत नाही. याचं सोफोक्लीजमधलं उदाहरण 'अँटिगनी'. राजा क्रेऑनने पॉलिनायसीझचं प्रेत पुरायला बंदी केली आहे, आणि त्याची बहीण अँटिगनी ती मोडते म्हणून तिला जिवंत भुयारात कोंडायची शिक्षा होते. कोरस थीब्जच्या प्रतिष्ठित वृद्धांचा, क्रेऑनने स्वतः निवडून बोलावलेल्या. ही मंडळी आधी गुळमुळीत बोलतात. माणसाइतकं अद्भुत आणि भयंकर काही नाही, हे त्यांचं गाणं जगभर उद्धृत होतं, आणि ते गाणं संपतं ना संपतं तोच पहारेकरी अँटिगनीला धरून आणतो. माणसाचा हा सगळा गौरव झाल्यावर समोर कोण, तर एक पकडलेली मुलगी. त्यांना काय बोलावं ते सुचत नाही.

पण पुढे आंधळा द्रष्टा टायरेसियस भविष्य सांगून निघून जातो आणि क्रेऑन पहिल्यांदाच विचारतो, 'काय करू? सांगा, ऐकतो.' कोरसचं उत्तर अगदी नेमकं आहे. आधी जा, मुलीला त्या भुयारातून सोडव. मग उघड्यावर पडलेल्या प्रेताला थडगं बांध. क्रेऑन धावत सुटतो आणि काय करतो? दूताच्या वर्णनात आहे बघा: आधी पॉलिनायसीझचं प्रेत धुतलं, जाळलं, त्यावर मातीचा ढीग रचला, आणि मग मुलीच्या गुहेकडे निघाले. तोवर तिने गळफास घेतलेला होता.

कोरसने सांगितलेला क्रम उलटा झाला. सोफोक्लीज यावर बोट ठेवत नाही, कोरसही नंतर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणत नाही. @बोरूबहाद्दर, पानं उलटलीत तर हे हुकणार.

---

बोरूबहाद्दर

दंडवत. 'अँटिगनी' परत काढतो.

---

खडूस_काका

एवढं गुणगान चाललंय म्हणून विरजण घालतो. कोरसचा इतिहास म्हणजे उतरती भाजणी. एस्किलसकडे अर्धं नाटक कोरसचं, सोफोक्लीजकडे कमी, युरिपिडीजकडे शोभेपुरतं, अगाथॉनने कुठल्याही नाटकात घालता येतील अशी सुटी गाणी सुरू केली, आणि मेनँडरच्या सुखात्मिकांच्या हस्तलिखितांत गाण्याच्या जागी नुसतं 'कोरसचे' एवढंच लिहिलेलं असतं. गाणं कुठलं ते लिहून ठेवायचीही तसदी नाही. प्रेक्षकालाच नको झालं होतं ते. सरळ गोष्ट आहे.

---

आडवाटेचा

काका, अगाथॉन आणि मेनँडरबद्दल वाद नाही. पण ही सरळ भाजणी एकदा चांगलीच तोंडघशी पडली आहे. एस्किलसच्या 'सप्लायंट्स'मध्ये कोरसच नायिका आहे. डॅनाउसच्या मुली, नको असलेल्या लग्नातून पळून आर्गोसला आश्रय मागायला आलेल्या. नाटकाचा निम्म्याहून अधिक भाग त्यांच्या गाण्यांनी व्यापलेला. शिवाय 'आम्हाला हाकललंत तर तुमच्या देवांच्या मूर्तींना आमच्याच कमरपट्ट्यांनी लटकून जीव देऊ' असं राजाला सुनावणाऱ्या. यांना कोणी निष्क्रिय म्हणून दाखवावं! एवढा मोठा कोरस म्हणजे हे नाटक सगळ्यात जुनं, असं पंडितांनी वर्षानुवर्षं धरलं होतं. मग १९५२ साली इजिप्तच्या ऑक्सिरिंकसमधला पपायरसचा तुकडा प्रसिद्ध झाला. त्यावरच्या नोंदीत या नाटकांच्या संचाने स्पर्धेत सोफोक्लीजला मागे टाकल्याचं निघालं. म्हणजे सोफोक्लीज स्पर्धेत उतरल्यानंतरचं नाटक. आता ते साधारण इ.स.पू. ४६३चं मानतात. 'पर्शियन्स' त्याच्या आधीचं ठरलं.

दुसऱ्या टोकाला 'बाकी' (Bacchae) हे नाटक, युरिपिडीजच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेलं. त्यातला कोरस शोभेपुरता? आशियातून डायोनिससच्या मागे आलेल्या त्या बायका काढून टाका, नाटकच शिल्लक राहणार नाही.

---

निळाई

सगळे अर्थाबद्दल बोलताय, मी आवाजाबद्दल बोलते. आपण वाचतो ती कोरसची फक्त पदं. चाल गेली, नाच गेला. साथीला एकच वाद्य, औलोस, एकाच तोंडाने फुंकायचे दोन पावे. संवाद अथेन्सच्या बोलीत, पण गाण्यांच्या भाषेला डोरिक छटा, त्यामुळे गाणं सुरू झालं की कानालाच फरक कळायचा. गाण्याची रचना जोडीजोडीने: एक कडवं, स्ट्रोफी, मग त्याच्याच वृत्तात लघु-गुरूंचा तोच साचा जपणारं दुसरं, अँटिस्ट्रोफी. अक्षरगणवृत्तं घोकलेल्या मराठी माणसाला हे इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळावं, कारण ग्रीक वृत्तही लघु-गुरूंवरच चालतं.

त्यातलं डोख्मियस नावाचं एक वृत्त फक्त घालमेलीच्या जागी येतं. साचा: लगागा लगा. म्हणून बघा, 'नको रे असा, नको रे असा'. थांबून थांबून धाप लागल्यासारखं. मूळ नाटकात गुरूचे दोन लघु करून त्याचे कितीतरी प्रकार होतात. मेडियाच्या शेजारणी त्या दारापाशी याच वृत्तात गातात. म्हणजे 'गाणं म्हणत बसल्या' हे जे डोळ्यांपुढे येतं ते मुळात चूक आहे. निवांत गाणं नाहीच ते.

चाल अगदीच गेली असंही नाही. युरिपिडीजच्या 'ओरेस्टीस'मधल्या कोरसच्या काही ओळी स्वरचिन्हांसकट एका पपायरसवर मिळाल्या आहेत, तो व्हिएन्नात आहे. त्याही डोख्मियसमध्येच. ऑक्सफर्डच्या अर्मांड डॅंगूर यांनी त्यावरून गाणं बसवून औलोसच्या साथीने सादर केलं, जालावर सापडेल. पहिल्यांदा ऐकताना कान थोडा बिचकतो.

आणि ही गाणी लोकांच्या तोंडी होती. चरित्रकार प्लुटार्क सांगतो, सिसिलीच्या मोहिमेत धूळधाण उडाल्यावर पकडलेल्या काही अथेनियनांनी युरिपिडीजची पदं म्हणून दाखवून अन्नपाणी आणि सुटका मिळवली. त्याचीच दुसरी गोष्ट: इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स पडलं, शहर जमीनदोस्त करायची भाषा चालू होती, आणि मेजवानीत कोणीतरी 'इलेक्ट्रा'मधलं कोरसचं प्रवेशगीत म्हटलं. ऐकणारे विरघळले. गोष्ट खरी किती ते प्लुटार्क जाणे, पण 'प्रेक्षकालाच नको झालं होतं' याच्याशी ती जुळत नाही, काका.

---

खडूस_काका

लगागा लगा आवडलं. बाकी मतभेद कायम.

---

शेवंता७

निळाईच्या प्रतिसादावरून मूळ प्रश्नाकडे येते. 'राजा ईडिपस'मध्ये एक जागा आहे. ईडिपसची राणी जोकास्टा हिने देववाणीची नुकतीच टर उडवली आहे. कोरस एकटा उरतो आणि गातो की असल्या वागण्याला मान मिळत असेल तर मी नाचू कशाला? हे म्हणणारे लोक त्या क्षणी नाचत आहेत, डायोनिससच्या उत्सवात, त्याच्याच थिएटरात. नाच ही त्यांची देवाला दिलेली सेवा आहे, करमणूक नाही. देव लक्ष देत नसेल तर या नाचाला अर्थ काय, हा प्रश्न थीब्जच्या म्हाताऱ्यांचा आहे आणि मुखवट्यामागच्या पंधरा अथेनियनांचाही. गाणं संपल्याबरोबर जोकास्टा हातात पूजेचं साहित्य घेऊन अपोलोकडे निघालेली दिसते.

तर गाणं हेच कोरसचं काम, तोच त्याचा हात. संकट आलं की कोरस काय करतो? पूर्वी असं कधी झालं होतं ते शोधतो. जुनी गोष्ट सापडली की ती समोरच्या गोष्टीशेजारी ठेवतो, म्हणजे जग अजून कुठल्यातरी नियमाने चाललंय एवढं तरी कळतं. मेडियाच्या शेजारणी तेच करू बघतात आणि त्यांची झोळी जवळजवळ रिकामी निघते. 'एकच, आजवर एकच बाई ऐकली आहे.' ती इनो. पण ती देवांनी वेडी केलेली, घरातून हाकललेली, आणि मुलांसकट समुद्रात पडून मेलेली. मेडिया वेडी नाही. ती पूर्ण शुद्धीत आहे, आणि मरणार तर नाहीच, थोड्याच वेळात सूर्याने दिलेल्या रथात बसून निघून जाणार आहे. म्हणजे सापडलेलं एकुलतं एक उदाहरणही लागू पडत नाही. दाराबाहेर त्या गोठतात त्या इथे. मुलांनी हाक मारली ती आपल्याला ऐकू यावी म्हणून. त्या बायका काय नाकारताहेत हे धूसर राहू नये, असं युरिपिडीजला वाटत असावं.

---

तिसरी घंटा

शेवंता, इनोचं उदाहरण लागू पडत नाही हे भारी आहे, ते मानलं. तरी राग पुरता गेला नाही माझा, आणि जावा असं मला वाटतही नाही. वचन दिलं म्हणून गप्प बसलेल्या बायका आहेत त्या. त्यांच्या गोठण्याला वृत्ताचं आणि पूजेचं कौतुक लावून आपण त्यांना जरा जास्तच सवलत देतोय. मला त्यांच्याऐवजी 'ट्रोजन वीमेन'चा कोरस जवळचा वाटतो. ट्रॉय पडल्यावर कैद झालेल्या त्या बायकांच्या हातात खरंच काही नाही. चिठ्ठ्या टाकून कोणाच्या वाट्याला कोण जाणार याची वाट बघत बसलेल्या. ते नाटक इ.स.पू. ४१५चं. त्याच्या काही महिनेच आधी अथेन्सने मेलोस बेट घेऊन तिथल्या पुरुषांना मारलं, बायकामुलांना गुलाम करून विकलं. त्या ट्रोजन बायकांचे मुखवटे चढवलेले नागरिक सभेत जाऊन मत देणारेच होते ना? मुखवट्याआड त्यांना काय वाटलं असेल, हे मला कुठल्याही टीकाग्रंथापेक्षा जास्त जाणून घ्यायला आवडेल.

असो. पुढचं वाचन 'ॲगमेम्नॉन' ठरवतोय. कोरस वाचायचा कसा? सगळ्यांनी एकत्र वाचलं की शाळेच्या प्रार्थनेसारखं होतं, एकाने वाचलं की कीर्तन.

---

विंगेतून

मोठ्या लोकांनाही हीच अडचण आली आहे. पीटर हॉलने १९८१ मध्ये लंडनला 'ओरेस्टिया' (एस्किलसची नाट्यत्रयी, 'ॲगमेम्नॉन' तिचं पहिलं नाटक) केलं तेव्हा सगळ्यांना मुखवटे घातले, बायकांच्या भूमिकाही पुरुषांनीच केल्या. पॅरिसमध्ये आरियान म्नूश्किनने १९९० पासून केलेल्या 'ले आत्रिद' या ॲगमेम्नॉनच्या घराण्यावरच्या नाटकांच्या मालिकेत कोरसला नाचवलं, त्या नाचात आणि वेशभूषेत कथकलीचा ठसा होता. दोघांनीही नुसतं पाठ म्हणणं टाळलं.

तुमच्यासाठी साधा उपाय. गाणी एकट्याने वाचा, पण दर कडव्याला माणूस बदला. स्ट्रोफी एकाने, तिचीच जोड असलेली अँटिस्ट्रोफी समोर बसलेल्याने. संवादातल्या कोरसच्या ओळी एकाच नेत्याला द्या, मूळातही बहुधा तसंच होतं. आणि त्या बारा द्विपदी मात्र आधी वाटून ठेवू नका. चिठ्ठ्या टाका, आणि ज्याच्या हातात जी येईल ती त्याने एकमेकांचं बोलणं संपायची वाट न बघता म्हणायची. मी एकदा तालमीत असं करून घेतलं होतं, भांडणच झालं.

---

तिसरी घंटा

बाराजण नाही आहोत आम्ही.

---

आडवाटेचा

मग प्रत्येकाला दोन द्या, पण एकमेकींच्या विरुद्ध मताच्या. 'आत घुसा' आणि 'आधी खात्री करू' एकाच माणसाकडून येऊ द्या.